पडलेला पेरू कुणाचा

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, त्यांच्या पेरूंना कुणी नावं ठेवलेली खपत नाहीत. मला ठेवली तर त्या एक वेळ ऐकून घेतील. नेवाशाजवळ आमचं शेत आहे आणि विहिरीलगत पेरूची लहानशी बाग. पावसाळा सरला की आमच्या चर्चमध्ये उपजाचा सण असतो. ज्याच्या रानात जे पिकलं ते त्याने वेदीपुढे आणून ठेवायचं आणि भक्ती संपली की अंगणात त्याचा लिलाव व्हायचा. त्यात आईंच्या पेरूच्या टोपलीला मोठा मान.

मागच्या साली लिलावात ती टोपली चर्चच्या पाळकबाईंनी घेतली आणि कौतुकाने तिथेच पोरांसाठी पेरू कापायला बसल्या. पहिल्यात अळ्या, दुसऱ्यातही अळ्या. तिसरा त्यांनी कापलाच नाही. "असू द्या हो, पावसाळी फळ आहे," एवढंच म्हणाल्या बिचाऱ्या. घरी आल्यावर जेवताना आई ताट सरकवून म्हणाल्या, "आता मी टोपली न्हेनार न्हाई. देवाला किडकं दिलं मी."

एरवी घर दणाणून सोडणारी बाई अशी खचलेली मला बघवेना. नवरा म्हणाला, फवारणी करू. तेवढ्यापुरत्या आई उसळल्या, "इख मारल्यालं फळ देवापुढं ठिवू व्हय रं?" तो विषय तिथेच संपला.

मग आम्ही फळात अंडी घालणाऱ्या फळमाशीच्या मागे लागलो. रिकाम्या बाटल्यांना भोकं पाडली, तळाशी साबणाचं पाणी घातलं आणि आत गंधाची वडी टांगली. त्या वासाने नर माश्या येतात आणि पाण्यात पडून मरतात. बाटल्यांत माश्यांचा खच पडायला लागला. नवरा रोज संध्याकाळी बाटली अशी मिरवत आणायचा, की जणू बिबट्याच धरलाय. पेरू मात्र किडायचे ते किडतच राहिले, कारण अंडी घालणाऱ्या माद्या त्या वासाला भुलतच नव्हत्या.

माझा संशय होता तो झाडाखालच्या फळांवर. आमच्या बागेत पडलेलं फळ मालकाने उचलायचं नाही, ते वाटसरूचं आणि गरिबाचं, ही आईंनी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकलेली आणि आयुष्यभर पाळलेली रीत. पूर्वी माणसं पायी जायची, ओटीत भरून न्यायची. आता मोटरसायकलवरून भुर्रकन जाणारा माणूस मऊ पडलेला पेरू उचलायला कशाला थांबतोय? पण हे आईंना सांगणार कोण?

मी सांगितलं नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत माती घातली, तिच्यावर एक पडलेला पेरू ठेवला, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली.

"काय घान आनून ठिवलीस गं?" आई करवादल्या. पण बाई मूळची चौकस. अळ्या पेरूतून बाहेर पडून टुणटुण उड्या मारत मातीत शिरल्या, तेव्हा तव्यावरची भाकरी करपेपर्यंत त्या बघत राहिल्या. पुढे काही दिवसांनी त्याच मातीतून पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या निघाल्या आणि ओढणीला आतून चिकटून फिरायला लागल्या.

आई पाट घेऊन बरणीपुढे बसल्या. "म्हंजी या समद्या मीच पोसल्या?"

"वाटसरू येत नाही आई, त्याचा वाटा ह्या खातात."

"मग रीत मोडायची व्हय?" हे त्यांनी इतक्या घाबऱ्या आवाजात विचारलं, की माझा सगळा शहाणपणा तिथेच गळाला. मला नुसतंच वाईट वाटलं.

तोड काढली ती त्यांनीच. रस्त्याकडेचं, सगळ्यांत गोड फळाचं झाड त्यांनी वाटसरूला देऊन टाकलं. पडलेलं द्यायचं नाही, झाडावरचं द्यायचं! माशी बसू नये म्हणून फळं कोवळी असतानाच त्यांना कागदी पिशव्या बांधायच्या होत्या, तर आईंनी पहिल्यांदा त्या झाडाच्या बांधल्या आणि मग आमच्या. खालचे पेरू रोज वेचून, प्लास्टिकच्या गोणीत घट्ट बांधून आतल्या अळ्या मराव्यात म्हणून आम्ही उन्हात तापवायला लागलो. रस्त्याने कुणी हळू जाताना दिसला, की आई बांधावरून हाक मारायच्या, "घ्या की ओ, पिशवी काडून घ्या!" लोक दचकायचे, मग हसून थांबायचे.

यंदा सणाला टोपली गेली. देवाला द्यायचं फळ आधी कापून बघायचं नाही, हाही आईंचाच नियम, त्यामुळे भक्तीत माझं लक्ष कुठलं लागायला! लिलावात टोपली पुन्हा पाळकबाईंनी घेतली आणि भिडेपोटी तशीच उचलून त्या निघाल्या. आईंनी त्यांना अडवलं, पिशवीतून घरची सुरी काढून पुढे केली. "कापा. समद्यांम्होरं कापा."

पहिला पेरू पांढराशुभ्र निघाला. दुसराही तसाच. पाळकबाई थांबल्या तशा आई म्हणाल्या, "तिसरा बी कापा."

तिसरा कापला आणि आई तिथेच अंगणात पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. मीही रडले. रडता रडताच त्यांनी एक फोड माझ्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, "उद्या लवकर ऊठ. पडल्यालं येचायचं हाय."