पिवळा टॅग

दत्तात्रय गव्हाणे गेल्या मार्चमध्ये चिंचवडच्या राहत्या घरी वारले. वय एकाहत्तर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. निवृत्तीनंतर फिलिपिन्समधल्या रिझाल प्रांताचा इतिहास लिहीत होते. त्या देशात ते कधी गेले नव्हते.

सुरुवात कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये झाली. नवी मशीन बसवायला आलेली एक अभियंता रिझालमधल्या कायंता गावची होती. अठराव्या शतकात इंग्रजांनी मनिला घेतली तेव्हा मद्रासहून हिंदुस्थानी शिपाई नेले होते. इंग्रज परतले, काही शिपाई कायंतात राहिले. आपण त्यांच्याच वंशातली, असं तिने सांगितलं.

"म्हणलं, कुठले? ती म्हणली, इंडियाचे. इंडिया लई मोठा हाय, गाव कंचं? तिला सांगता येईना," गव्हाणे मला म्हणाले. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो.

वहीत ते प्रत्येक वाक्यापुढे कारखान्यासारखा टॅग चिकटवत. खात्री पटली की हिरवा, चूक निघाली की लाल, ठरेपर्यंत पिवळा. हिरव्यावर दोन सह्या लागत. दुसरी माझी, संदर्भ वाचल्याशिवाय ते मला पेन देत नसत.

गणेश मंडळ त्यांची पुस्तिका छापणार होतं. अध्यक्ष घरी आले.

"तात्या, त्यात एक शिपाई मावळातला टाका की राव! मद्रासवाल्यांचं आपल्याकडं कोण वाचणार?"

"पुरावा न्हाई."

"तिकडं कोण बघाय जातंय?"

"ब्रेकच्या आतला बोल्ट तरी कोण बघाय जातंय? आमी तीस वर्षं बघितला."

त्याशिवाय छपाई नाही, असं सांगून अध्यक्ष गेले. हृदय फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी तोवर सांगितलं होतं. पत्नी शालनताई म्हणाल्या, "अहो, लिहा एक ओळ. पुस्तक हातात घेऊन बघाल तरी."

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन खाली आले. ओळ लिहिली होती: त्यांत एक जण मावळातला होता. पुढे पिवळा टॅग, त्यावर त्यांची सही. मी पेन काढलं.

"ठेवा ते. आधी तिला विचारू."

माझ्याच संगणकावरून त्यांनी कायंताच्या त्या अभियंता बाईंना पत्र पाठवलं. उत्तर ते गेल्यावर, जूनमध्ये आलं. घराण्यात गावाचं नाव कुणालाच ठाऊक नाही, असं तिने कळवलं होतं.

पुस्तिका छापलेली नाही. शालनताईंनी वही माझ्याकडे दिली आहे. त्या ओळीपुढचा टॅग पिवळा आहे. त्यावर एकच सही आहे.