पाण्याला सामोरे

कुंभकोणममध्ये माझं छोटं प्रवासी कार्यालय आहे. आयुष्यभर मी भाविकांच्या बसगाड्या देवळांना पाठवल्या. हल्ली तरुण गिऱ्हाइकं डोंगरी नदीतलं राफ्टिंग मागू लागली. नकाशावर बोट ठेवून नद्या निवडणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, म्हणून मी स्वतःच हिमालयात गेलो. विशीतली लेक हट्टानं बरोबर आली. पोहता दोघांनाही येत नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

आमचा वाटाड्या तिथलाच, अबोल माणूस. पहिली नदी त्यानं नाकारली. तिचं पाणी खडकांच्या पोटाखाली शिरत होतं. तिथं अडकलेला सुटत नाही म्हणाला. दुसरीला उसळीनंतर शांत डोहच नव्हता, मग बोट उलटली तर माणसं गोळा करायची कुठं? तिसरी मात्र मला बघताक्षणी आवडली. निळसर, नितळ, मधोमध पांढरी वाळू. काठच्या झाडांत, माझ्या डोक्याच्याही वर, वाळल्या गवताच्या जुड्या आणि एक फाटकी ताडपत्री अडकली होती. वाटाड्या तिकडंच बघत राहिला. मी वाळूकडं बघत होतो.

"वर धरण आहे," तो हिंदीत म्हणाला. "भोंगा झाला की पाणी सोडतात. लगेच वर चढायचं." आणि बोट उतरवायची जागा पाहायला तो पुढं गेला.

भोंगा झाला तेव्हा आम्ही दोघं वाळूत होतो.

आमच्याकडे नदी कित्येक महिने कोरडी असते. धरण उघडल्याची बातमी येते, मग काही दिवसांनी पाणी येतं, बैलगाडीच्या चालीनं, पाचोळा ढकलत. आम्ही पात्रात उतरून त्याला हळदकुंकू वाहतो, पावलं भिजवून घेतो. शतकांपूर्वी तिकडं जाऊन वसलेल्या आमच्या मराठी घरांतही हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पाणी येणं म्हणजे शुभ. त्याच्यापासून पळायचं असतं, हे आम्हाला घरी कुणी शिकवलेलंच नाही; वाटाड्याचं सांगणं त्या क्षणी आठवलंही नाही.

"अप्पा, आतां पाणी येईल नव्हे?" लेकीनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली.

"ये, सामोरं जाऊं," मीच म्हणालो. चपला काढल्या, तिचा हात धरला आणि आम्ही प्रवाहाच्या वरच्या दिशेनं चालू लागलो.

आधी हवा गार झाली. मग पायाखालची वाळू थरथरली. वळणावरून जे आलं ते तपकिरी होतं आणि त्यात अख्खी लाकडं होती. पुढचं मला एवढंच आठवतं की मी खडक चढत होतो, दोन्ही हातांनी.

वर पोचून मागं पाहिलं. लेक कंबरभर पाण्यात होती. वाटाड्यानं धावत येऊन फेकलेला दोर तिनं मनगटाला गुंडाळला होता, आणि तो तिला एकटाच ओढत होता. माझे पाय हलेनात. भीती गेली तेव्हा इतकी लाज वाटली की मला तिच्या जवळ जाववेना.

घरी आल्यावर तिच्या आईनं मनगटावरचा वळ पाहिला आणि कसं जालं म्हणून विचारलं.

"अप्पांनींच ओढलं मला वर," लेक म्हणाली.

बायकोनं माझ्या पानात तूप वाढलं. लेक माझ्याकडं न बघता जेवत होती. मी तूप भातात कालवलं.