पस्तीस टक्क्यांचा विनोद

विनोद मला जमतो. तो कुणावर करायचा, हे त्याहून चांगलं जमतं. हैदराबादला काचीगुड्याच्या आमच्या पार्सल ऑफिसात मी वीस वर्षं टिकलो ते माझ्या कामामुळे, असं मी घरी सांगतो.

मालक तेलुगू. पहिल्याच दिवशी रजिस्टरात त्यांनी माझं आडनाव त्यांच्या पद्धतीनं एका अक्षरात बसवून नावाआधी टाकलं. आडनाव दिसेनासं झालं, आणि आम्ही बौद्ध आहोत हेही. मालकांच्या लेखी मराठी तो मराठी. मी ते दुरुस्त केलं नाही. मग जेवणाच्या सुट्टीत आरक्षणाच्या कोट्यावरचे विनोद सुरू झाले. कोट्यातला डॉक्टर, कोट्यातला इंजिनिअर, त्यानं बांधलेला पूल. पहिल्यांदा हसलो तेव्हा घास घशात अडकला. दुसऱ्यांदा नाही अडकला. वर्षभरात मीच नवे विनोद पुरवू लागलो, कारण मालकांचे फार शिळे असायचे.

आपल्यावर आपणच हसलं तर काय बिघडतं, अशी मी माझी समजूत घालायचो. शुद्ध भंपकपणा. स्वतःवर हसणारा आधी 'मी त्यांतलाच' म्हणून उभा राहतो. मी तर त्यांच्या पंगतीला बसून हसत होतो.

गेल्या वर्षी अंबरपेठेत आमच्या गल्लीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन घरी आले. मूळचे आमच्यासारखेच नांदेडकडचे. दर रविवारी विहारात माझ्या वडिलांशेजारी बसतात. त्यांचं वॉचमनचं काम सुटलं होतं, घर आता मुलीवरच चालणार होतं. मुलगी बी.कॉम., ब्याऐंशी टक्के. गुणपत्रिका मी स्वतः हातात घेऊन पाहिली. "पोरीला तुमच्या ऑफिसात चिकटवा," ते म्हणाले, आणि वडिलांनी माझ्याकडे न बघताच हो म्हटलं.

ती लागली. सहा महिने काम बघू, मग कायम करू, अशी बोली झाली. ऑफिसात मला ती सर म्हणायची, गल्लीत काका. पहिल्याच आठवड्यात जेवताना तिनं विनोद ऐकले, माझं हसणं पाहिलं आणि काय ते ओळखलं. तिला स्वतःला कुणीतरी विचारलं तेव्हा मात्र तिनं सरळ सांगून टाकलं, आम्ही बौद्ध. डबे क्षणभर थांबले. माझ्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

पाचव्या महिन्यात पुण्याला जाणारं एक पार्सल वाटेत उमरग्यालाच उतरलं. पार्सलवरची पत्त्याची चिठ्ठी तिनं लिहिलेली. चिठ्ठीवर पुणेच होतं, घोळ ड्रायव्हरनं घातला होता. हे मला ठाऊक होतं, कारण चिठ्ठीची दुसरी प्रत माझ्याच टेबलाच्या खणात होती.

मालक भडकलेले. "ये पार्सल उमरगा में कैकू उतरा?"

मला फक्त खण उघडायचा होता. त्याऐवजी तोंड उघडलं.

"साब, पैंतीस पर्सेंट में पास होने वाले लोगां हैं. उमरगा तक पैंतीस पर्सेंट रस्ता हो जाता. उनके हिसाब से पार्सल पहुँच गया."

पाच माणसं अशी हसली की बाहेरचा हमाल आत डोकावला. मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. विनोद चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो, आणि त्यातली सगळ्यात घाण गोष्ट हीच आहे. ती रजिस्टर घेऊन दारात उभी होती. तीही हसली, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकंच. मला तिचाच राग आला. तिनं रडायला हवं होतं, म्हणजे निदान एखादा तरी हसायचा थांबला असता.

"कल से नक्को आ बोल दो उसको," मालक अजून हसतच होते. "तुम मराठी में बोलो, उसको अच्छा लगेगा."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. शाळेत या म्हणीचा वाक्यात उपयोग करून मी शाबासकी मिळवली होती.

संध्याकाळी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. चिठ्ठीचं काही बोललो नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच सांगितलं.

"बाबांना काय सांगू?" तिनं विचारलं.

"सांग, काम पटलं नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "काका, तुमचं मी तिथं कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण ती नंतर. आधी छाती हलकी झाली, आणि तिची बस येईपर्यंत मी तिच्याशेजारी अगदी निवांत उभा राहिलो.