चार टेबलांचे कार्यालय

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथच्या आवाजाने दिवसभर घुमणाऱ्या एका वर्कशॉपच्या माडीवर, उदयसिंह घोरपडे यांचे पंपगृहांचे आराखडे तयार करणारे कार्यालय आहे. जिना चढून गेले की एकच खोली, तीत चार टेबले आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेली प्रियदर्शनी. ती कोडोलीच्या अंबादास गुरुजींची मुलगी आणि शिक्षणाने अभियंता. तिची हकीकत मी लिहीत आहे, कारण ती मी जवळून पाहिली. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांच्या आमच्या पाणीपुरवठा संस्थेचा मी मानद सचिव असून, कोणत्याही सभेस वेळेपूर्वी हजर राहण्याचा माझा परिपाठ आहे.

प्रियदर्शनीने आधी पुण्यातील एका मोठ्या कंपनीत नोकरी केली. इमारत काचेची, जेवणाची सोय उत्तम, रजेचे नियम सुस्पष्ट. उणीव तिला एकच जाणवे. "काका, तिथं मी वर्षानुवर्षं पंपाच्या एकाच झाकणाची ड्रॉइंग काढली," ती मला एकदा म्हणाली. "तो पंप कुठल्या नदीवर बसला, कुणाचं शेत भिजलं, मला आजही ठाऊक नाही." अखेर तिने राजीनामा दिला आणि उदयसिंहांच्या माडीवर येऊन बसली.

घरी हे रुचले नाही. अंबादास गुरुजी वर्गात शुद्ध बोलत. घरात मात्र त्यांची कोडोलीची भाषा सुटत नसे. "चौघांचं हापीस म्हंजे हापीस हाय का पानटपरी?" ते म्हणाले. "लोकं विचारत्यात, पोरगी कुठं असती म्हणून. काय सांगू त्यास्नी, वर्कशॉपच्या माडीवर?"

"माडीवरच सांगा की. खोटं कशाला बोलायचं?" ती म्हणाली.

पुण्याच्या कंपनीने परतीचा मार्ग मोकळा ठेवला होता आणि गुरुजींचे डोळे त्या मार्गाकडेच लागले होते. त्यातच गेल्या वर्षीच्या जानेवारीत उदयसिंहांनी बाकीच्या तिघांना समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगितले, की हल्ली सर्व कामे मोठ्या कंपन्यांकडे जात आहेत; गडमुडशिंगीचे पंपगृह आपल्याला मिळाले नाही, तर मार्चअखेर ही खोली सोडावी लागेल. प्रियदर्शनीला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. काम गेले की पुन्हा पुणे, आणि पुन्हा ते झाकण.

आमचे जुने पंपगृह पुरात खचले होते. नव्यासाठी दोन प्रस्ताव सभेपुढे आले. एका मोठ्या कंपनीतर्फे सम्राट नावाचे तरुण प्रतिनिधी पडदा व प्रोजेक्टर घेऊन आले होते. प्रियदर्शनीच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. संचालकांचा कल कोणीकडे होता, हे सांगायला नको. अध्यक्ष आकाराम यांनी तो लपवलाही नाही.

"म्याडम, राग मानू नका. तुमच्या हापिसात मान्सं चार. त्यातला एक रजेवर, एक लग्नाला. पंपाची मोटार बिघडली तर आमी धरायचं कुणाला?"

"मला," ती म्हणाली.

"आनि तुमचंच लगीन असलं तर?" संचालक पिराजींनी विचारले.

"मग जेवून घ्या, आणि जाताना मलाबी तुमच्या जीपमधनं पंपावर न्या."

सभेत हशा पिकला. पण हशाने मते फिरत नाहीत, हे सभांच्या अनुभवावरून मी जाणून होतो.

मग सम्राट यांनी आपला आराखडा पडद्यावर दाखवला. भक्कम भिंती, वर काँक्रीटचे अखंड छत, एका बाजूस नेटका दरवाजा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

येथे एक रीत सांगितली पाहिजे. पंचगंगेचे पाणी चढू लागले, की काठावरच्या मोटारी खोलून, साखळीच्या कप्पीने सरळ वर उचलून उंचावर न्याव्या लागतात. पूर ओसरला की त्या पुन्हा बसवतात. दर पावसाळ्याचा हा क्रम आहे.

"सर, जुलैत मोटारी कुठून काढायच्या?" प्रियदर्शनीने विचारले.

सम्राट यांनी पडद्यावरच्या दरवाजाचे माप पाहिले. त्यातून माणूस जाऊ शकत होता, मोटार नव्हे. आणि वरच्या अखंड छतामुळे कप्पी लावण्यास जागाच नव्हती. "बांधकाम विभागाला विचारतो," असे म्हणून त्यांनी फोन लावला. बांधकामवाल्यांनी सांगितले, दरवाजाचे माप यंत्र विभाग देतो. यंत्र विभागाने सांगितले, मोटारी काढणे आमच्या कक्षेत येत नाही, साइटच्या माणसाला विचारा. सम्राट सरळ मनाचे गृहस्थ होते. फोन खिशात ठेवून ते म्हणाले, "साइटचा माणूस मीच आहे."

"पावणं," आकाराम शांतपणे म्हणाले, "तुमची बोलाचाली हुईस्तवर आमच्या मोटारी वाहत नरसोबाच्या वाडीला पोचतील की."

प्रियदर्शनीने गुंडाळी उलगडली. प्रत्येक मोटारीच्या बरोबर वर छतात उघडणारे झाकण, त्यावर कप्पीसाठी लोखंडी तुळई, आणि तिथून काठापर्यंत सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेहून उंच असा पूल. "भिंत, छत, पंप सगळं एकाच टेबलावर काढलंय," ती म्हणाली. "कुणाला फोन करायची वेळच आली नाही."

तिला काम देण्याचा ठराव पिराजींनीच मांडला. तो एकमताने संमत झाला. उदयसिंहांची खोली राहिली.

मेअखेर पंपगृह उभे राहिले आणि जुलैत नदीने त्याची परीक्षा घेतली. पाणी पात्राबाहेर पडू लागले, त्या सकाळी प्रियदर्शनी रेनकोट घालून पुलावर उभी होती. झाकणे उघडली, कप्प्या कुरकुरल्या आणि दुपारच्या जेवणाआधी सर्व मोटारी काठाच्या उंच भागावर, ताडपत्रीखाली, कोरड्या होत्या. तिन्हीसांजेला पंपगृहात पाणी शिरले. त्याच्या हाती काही लागले नाही. नदीच्या वरच्या अंगाला काही संस्थांच्या मोटारी बुडाल्या व त्यांची दुरुस्ती कित्येक आठवडे चालली. आमच्या संस्थेने पूर ओसरताच गाळ धुतला, मोटारी बसवल्या आणि त्या भागात सर्वांच्या आधी पाणी सोडले. नारळ आकारामांनी प्रियदर्शनीकडूनच फोडवला.

त्यानंतर उद्यमनगरातील त्या जिन्यावर चपलांची गर्दी होऊ लागली. उदयसिंह एक प्रशस्त हॉल पाहून आले. तेव्हा ती त्यांना म्हणाली, "दादा, पाचवं टेबल घाला, पण हॉल नको. नुसती मान वळवून शेजाऱ्याला विचारता आलं पाहिजे, एवढंच हापीस मोठं असावं." उदयसिंहांनी हॉलचा विचार सोडला.

पुण्याच्या कंपनीचे वरच्या हुद्द्याचे बोलावणे तिने सभ्य शब्दांत नाकारले. सम्राट यांची कंपनी आता आपले पंपगृहांचे आराखडे तपासण्यासाठी याच माडीवर पाठवते. मागील मंगळवारी मी तिथे गेलो, तेव्हा असेच आराखडे घेऊन सम्राट स्वतः बाकावर बसून होते. प्रियदर्शनी नव्या कामासाठी नदीवर गेली होती, आणि तिची वाट पाहण्यास त्यांची मुळीच हरकत नव्हती.