मिस्त्रींनी स्वतःची फरशी फोडली

लोकांच्या घरांत फरशी बसवण्यात मिस्त्रींची तीस वर्षं गेली. स्वतःच्या दोन खोल्यांत मात्र त्यांनी हौसेनं काळा ग्रॅनाइट घातला होता. असा चकचकीत, की बायको त्यात बघून केस विंचरते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "काहीतरीच तुमचं!" बायको म्हणे, पण दिवसातून दोनदा पुसून घेई.

मग एका टेम्पोनं भिंगरीला उडवलं. भिंगरी म्हणजे त्यांची कुत्री, रोज स्कूटरवर पायांशी बसून कामावर जाणारी. मागच्या एका पायाचा पार चुरा झाला होता.

"पाय काढावा लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण घाबरू नका. कुत्र्यांना तीन पाय पुरतात."

मिस्त्रींना ते काही पटलं नाही. पण ऑपरेशननंतर तिसऱ्याच दिवशी दवाखान्यामागच्या मातीत भिंगरी उभी राहिली, डुगडुगत चार पावलं चाललीसुद्धा! मिस्त्री हरखून तिला घरी घेऊन आले.

घरात पाऊल टाकलं मात्र, भिंगरीनं फतकल मारली. उठली, पुन्हा घसरली. उरलेला मागचा पाय लोण्यावर ठेवल्यासारखा सटकत होता. बायकोनं गोणपाट अंथरलं, तर तेही कुत्रीसकट सरकलं. दोन दिवसांत भिंगरीनं प्रयत्नच सोडला. हाक मारली तर नुसता कान हलवायची.

मिस्त्रींनी फोन लावला. "डॉक्टरबाई, तिनं हाय खाल्लीय हो!"

"जखम छान भरतेय तिची. तुमच्या घरी फरशी कुठली आहे?"

"काळा ग्रॅनाइट," मिस्त्री पुटपुटले. फरशीबद्दल कुणी विचारलं आणि त्यांना सांगायची लाज वाटली, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंगरीला शेजारणीकडे ठेवलं आणि छिन्नी-हातोडा काढला. पहिला ठोका पडताच बायको धावत आली. "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अगं, दारापर्यंत एक पट्टा काढतो फक्त."

तिनं एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "पट्टा? ठिगळ लावल्यासारखं दिसेल ते. फोडायची तर सगळी फोडा!" आणि पदर खोचून दुसरा हातोडा तिनंच उचलला.

आठवडाभर घरात नुसता धुरळा. दोघांच्या भुवया पांढऱ्या. ग्रॅनाइट गेला, खडबडीत लाल फरशी आली. सिमेंट वाळायला दोन दिवस लागणार, हे इतरांना बजावणारे मिस्त्री स्वतः तासातासाला अंगठ्यानं दाबून बघत होते.

टाके निघाले त्याच दुपारी भिंगरीला उंबऱ्यात ठेवलं. तिनं वास घेतला. एक पाऊल टाकलं. नखांना पकड मिळाली. दुसरं टाकलं. मग काय झालं कुणास ठाऊक, ती सुसाट सुटलीच! टपटप-टप, टपटप-टप, या खोलीतून त्या खोलीत, खाटेखालून बाहेर, बायकोच्या पायांमधून पलीकडे.

"अहो, पळाली! पळाली बघा!" बायको टाळ्या पिटत ओरडली. शेजारीण लाटणं हातात घेऊनच धावत आली.

मिस्त्रींनी डॉक्टरबाईंना फोन लावला. "ऐका!" एवढंच म्हणाले. आणि त्यांनी फोन जमिनीला टेकवला. भिंगरी त्याच्यावरून उडी मारून गेली.

"अहो, ही तर धावतेय!" फोनमधून डॉक्टरबाई ओरडल्या. "आवरा तिला, जरा दमानं घेऊ द्या!"

आवरणार कोण? मिस्त्री तिच्या मागे धावत होते, हसत होते, आणि ती काही केल्या हाती लागत नव्हती.