गॅलरीतला हिरो

गोव्यात आम्ही अर्ध्या दिवसासाठी स्वतंत्र गाडी केली, तर ड्रायव्हर निघाला आमच्याच लातूर जिल्ह्यातला, उदगीरचा. आम्ही समुद्राला डोळे भरून बघायचो आणि तो समुद्राकडं पाठ करून बडीशेप चघळत उभा राहायचा. एका बंगल्यापाशी मात्र त्यानं गाणं बंद केलं, गाडी हळू केली आणि दर्ग्यापुढं आल्यासारखा आवाज उतरवला. "इथं लई मोठा हिरो राहतोय."

आम्हाला उंच भिंत दिसली आणि वर एक रिकामी गॅलरी.

"खरंच?" मी विचारलं.

"साहेब, लातूरला जाऊन काय भिंत बघितली म्हणून सांगणार का?"

मला पटलं. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, की हिरो बनियनवर गॅलरीत उभा होता आणि त्यानं मला हात केला. शेजाऱ्यानं लगेच ड्रायव्हरचा नंबर मागून घेतला.

मागच्या आठवड्यात शेजारी गोव्याहून परतला. मी जरा बिचकतच विचारलं, "दिसला का हिरो?"

"न्हाई. पण ड्रायव्हरला तुमचं बनियनचं सांगितलं."

"मग?"

"म्हणला, हाव, मी होतो की संगं. पण हात त्यानं मला केला होता, साहेबाला न्हाई."