सुपरवायझरचं रताळं

रताळं शिजलं की नाही हे मामा सुरीने कधी बघत नसत. झाकण काढायचं, अंगठा हलकेच दाबायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "नाय, अजून राग हाय आत." मग झाकण परत. आम्ही चौदाजण उपाशीपोटी ताटल्या घेऊन उभे असायचो, पण आमच्या पोटाकडे बघून मामांच्या अंगठ्याने निकाल कधी बदलला नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. हुद्दा काही नाही, पण त्याने चहाचा कप खाली ठेवला की बाकीचेही मुकाट्याने उठतात. मामा सातपूरला आमच्या कारखान्यात भट्टीवर होते. पोलादाचे भाग लालबुंद तापवून तेलात बुडवले की कडक होतात, पण ठिसूळही होतात. म्हणून ते नंतर एका मंद भट्टीत तासन्‌तास ठेवावे लागतात. ही मंद भट्टी मामांची. दारासमोर तळहात धरून ते तापमान सांगायचे, आणि मीटर वेगळं काही दाखवायला लागलं तर आम्ही मीटर दुरुस्तीला पाठवायचो. रोज सायखेड्याहून मोटरसायकलवर यायचे. बोलायचे इतकं कमी की त्यांच्या गप्प बसण्यावर लोक दिवसभर चर्चा करायचे.

मी सुपरवायझर होऊन तीनच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. नवा सुपरवायझर काय चीज असते ते तुम्ही पाहिलं असेल. खिशाला दोन पेनं, आणि साहेब ज्या दिशेला बघतील त्या दिशेला मान.

महाशिवरात्रीला आम्हाला सुट्टी नसे. मामा घरच्या शेतातली रताळी आणायचे, ट्रेमध्ये रचून मंद भट्टीत ठेवून द्यायचे, आणि दुपारी सगळ्या खात्याचा फराळ तोच. नियमात बसणारं नव्हतं, पण वर्षानुवर्षं चालत आलं होतं. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी ग्राहक कंपनीची माणसं तपासणीला आली. मॅनेजर साहेब माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, हे आत्ताच्या आत्ता इथून हलवा.

हलवा म्हणाले होते. कपडे बदलायची खोली दहा पावलांवर होती. मी ट्रे उचलला आणि लेथवरच्या तेलकट लोखंडी किसाच्या ड्रममध्ये उपडा केला. का, तर साहेबांना माझा झपाटा दिसावा. मामा समोर उभे होते. ते ड्रमपाशी आले, वाकून आत बघितलं, आणि हातमोजे चढवून कामाला लागले. त्या दिवशी माझ्या खात्याने नळाच्या पाण्यावर पाळी काढली. मी कॅबिनमध्ये बसून केळ्याचे वेफर्स खाल्ले, तेही सांगून टाकतो.

माफी मागायची होती. संध्याकाळी मागू म्हटलं, मग उद्या, मग पगार झाल्यावर. चार माणसांसमोर केलेल्या गोष्टीची माफी चार माणसांसमोरच मागावी लागते, आणि तिथे माझी जीभ अडायची. साहेब सहा महिन्यांत बदली होऊन गेले. ते सुटले, मी उरलो.

पुढच्या महाशिवरात्रीला मामा एक खोकं घेऊन आले. त्यांच्या पुण्याच्या सुनेला लग्नात कुणीतरी विजेचा स्लो कुकर दिला होता. कुणालाही त्याचा उपयोग कळला नव्हता, मामांना बघताक्षणी कळला. "ही आपल्या भट्टीची धाकटी बहीण," एवढंच म्हणाले. पहाटे सहाला पाळीच्या आधी येऊन त्यांनी तो कपडे बदलायच्या खोलीत मांडला. तळाला तूप, त्यावर रताळ्याचे मोठे तुकडे, गूळ, वेलदोडा, बोटभर पाणी. दहाच्या सुमाराला सगळ्या खात्यात असा वास सुटला की माणसं मशीन सोडून उगाच त्या खोलीत डोकावून यायला लागली.

साडेबाराला अंगठ्याने होकार दिला. मामांनी झाकण काढलं आणि सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "सुपरवायझर, पहिलं तुमचं."

माझ्या ताटलीत अख्खं रताळं आलं. सगळ्यांत जाड, सगळ्यांत वरचं. बाकीच्यांना तुकडे आणि मला अख्खं. वाटलं, केवढं मोठं मन! माणसाने न मागता माफ केलं. आता जुना विषय काढून कशाला त्यांना अवघडवायचं?

रताळं तसं कडकच होतं. मधला गाभा तर दाताला दाद देत नव्हता. मी मनात म्हटलं, परदेशी कुकर, त्याची तऱ्हा निराळी. सगळं खातं मी खाताना शांतपणे बघत होतं, तो मला मान वाटला. मी शेवटचा घास गिळून म्हणालो, "फक्कड झालंय, मामा." मामा म्हणाले, "सावकाश खावा. घाई नाय."

अशी सात वर्षं गेली. दर महाशिवरात्रीला पहिलं माझं, अख्खं, वरचं. दर महाशिवरात्रीला माझा जबडा दोन दिवस दुखायचा आणि दर वेळी मी फक्कड म्हणायचो. एका वर्षी तर मी दुसरंही मागितलं. मामा पहिल्यांदाच गडबडले. म्हणाले, अख्खं एकच असतं.

गेल्या दसऱ्याला ते निवृत्त झाले. कुकर खात्यालाच ठेवून गेले. मार्गशीर्षात, शेतातून आल्यावर पाणी पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी पाळीत अडकलो होतो, सायखेड्याला जाऊ शकलो नाही. जाऊ शकलो असतो, गेलो नाही.

या महाशिवरात्रीला कुकर क्रेनवाल्या सोनवण्यांनी लावला. माझ्या ताटलीत सगळ्यांसारखेच तुकडे आले. मी एक तोंडात टाकला आणि तो चावायच्या आधीच विरघळला. मी जाणकारासारखा म्हणालो, गोडीला बरं आहे, पण मामांच्या रताळ्याला चावायला मजा होती.

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळे. सोनवण्यांनी त्यांना हाताने थांबवलं.

"साहेब, आमचं सहाला लागायचं. तुमचं दहाला टाकायचे वरून."

सात वर्षं. तेरा माणसं, आणि एकाने तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, मग मला सांगायचं तरी. सोनवणे म्हणाले, मामांची तशी ताकीद होती. "म्हणायचे, एक डाव तोंडानं चुकलं म्हणू द्या, त्याच दिवशी त्याला बुडातलं वाढतो. दर साली तुम्ही तोंड उघडलं की वाटायचं, आता म्हणणार. आणि तुम्ही म्हणायचे फक्कड."

मी ताटलीतलं उरलेलं डब्यात भरलं आणि पाळी संपल्यावर गाडी सायखेड्याकडे घातली. माफी मागायला निघालो होतो असं म्हणून तुमच्यासमोर मोठं होता आलं असतं, पण खरं सांगतो, मी जाब विचारायला निघालो होतो. अपमानाने माझे कान तापले होते. गेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही, म्हणून त्याच्या घरच्यांना विचारणार होतो. आणि डबा? डबा हा पुरावा होता. हे बघा, असं शिजतं ते.

मामी गोठ्यात गाईला पाणी दाखवत होत्या. मी ओट्यावर बसलो आणि सुरू झालो. दहाला टाकायचे, अख्खं, कच्चं, सात वर्षं, सगळ्यांसमोर. मामींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या. "मला याक शबुद नाय बोलले," म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, पण असं काय केलं होतं हो तुम्ही?

मला वाटलं होतं त्यांना माहीत असेल. मी सांगितलं. ट्रे, ड्रम, तेलकट कीस.

मामींचं हसू थांबलं. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

"त्या दिशी घरी येऊन म्हणाले, लय गोड होती, याक उरलं नाय. ती रताळी म्या काढली होती, भाऊ. कंबर धरली होती, तरी दिवसभर वाफ्यात बसून काढली. तवापास्नं दर साली म्या जास्तीची लावत आले."

तेव्हा कुठे ते तोंडून निघालं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चुकलं माझं, मामी."

त्यांनी हात पुढे केला. मी डबा दिला. त्यांनी झाकण काढलं, आत बघितलं, एक तुकडा बोटाने दाबून पाहिला. चांगला शिजला होता. मग त्या वळल्या आणि अख्खा डबा गाईपुढे गव्हाणीत उपडा केला.

मी सकाळपासून त्या एका तुकड्यावर होतो. गाय सावकाश खात होती. शेवटचा तुकडा संपेपर्यंत मामी तिथून हलल्या नाहीत, आणि मीही हललो नाही. मग त्यांनी डबा हौदाच्या पाण्याने विसळला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बसा. च्या टाकते."